बाबा समोर बसलेत, पण सही नाही: मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, प्रोबेट

मधुमालती
मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितेय.

बाबा ७९ वर्षांचे, शाळेतून चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त. आई नाही. चार वर्षांपूर्वी बाबांनी स्वतः होऊन माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिलं. नोंदणीकृत. बँक, सोसायटी, वीजबिल, सगळीकडे चालेल असं तेव्हाच्या वकिलांनी सांगितलं होतं. गेल्या वर्षी स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. आता दिवसरात्र बाई ठेवलीय, खर्च वाढलाय, म्हणून त्यांची एक मुदत ठेव मोडायला बँकेत गेले. बाबांना सोबत नेलं. म्हटलं, माणूस समोर दिसला की प्रश्न मिटेल.

तिथेच घोळ झाला. अधिकाऱ्याने अदबीने विचारलं, "आजोबा, ही ठेव मोडायची आहे ना?" बाबांनी तितक्याच अदबीने विचारलं, "तुमचं जेवण झालं का?" मग समोरचं पेन उचललं आणि ठेव मोडण्याच्या अर्जावर, सहीच्या चौकटीत, एक पोपट काढला. सुरेख काढला, चोचीचा बाक, गळ्याचा पट्टा, सगळं. सही काही जमेना.

अधिकाऱ्याने मुखत्यारपत्र परत दिलं. म्हणाला, "मॅडम, यांना कळत असतं तर तुमचं पत्र चाललं असतं." मी म्हटलं, त्यांना कळत असतं तर पत्राची गरज काय होती?

भाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तो म्हणतो, "मी माझं एलपीए, म्हणजे इथलं मुखत्यारपत्र, करून ठेवलंय, तू बाबांचं तसंच कर, सोपं असतं." तर प्रश्न असे:
बँकेचं म्हणणं बरोबर आहे का? आता काय करता येईल? आणि बाबांचं मृत्युपत्र नाहीये, ते आता होऊ शकतं का?

पार्ल्याचा_भाचा
निदान बँकेला कोणी सांगितलं? तुम्हीच ना? :(

मधुमालती
हो. बाईंचा खर्च का वाढलाय ते समजावताना मीच फाइल पुढे केली.

तिरकस_तात्या
सरकारी कचेरीत आणि बँकेत खरं बोलू नये, हे आमच्या आजोबांनी मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं.

ॲड_इंद्रायणी
तात्या, गप्प बसा जरा. मधुमालतीताई, बँक बरोबर आहे, ऐकायला वाईट वाटलं तरी.

मुखत्यारपत्र म्हणजे बाबांनी तुम्हाला उसना दिलेला हात. मालकाचं डोकं ठिकाणावर आहे तोवरच तो हात चालतो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१: अधिकार देणारा मेला किंवा त्याची मनोवस्था बिघडली की एजन्सी संपते. मुखत्यारपत्राचा स्वतंत्र कायदा १८८२ चा आहे, तो चिमुकला आहे आणि या बाबतीत काहीच दिलासा देत नाही. नोंदणी केली म्हणून पत्राचं आयुष्य वाढत नाही. माझ्याकडे महिन्याला एक तरी घर हीच फाइल घेऊन येतं, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तुमचाच प्रश्न असतो.

आता यातली खरी गोम. मानसिक आरोग्य कायदा १९८७ मध्ये जिल्हा न्यायालयाकडे जाऊन अशा माणसाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. २०१७ च्या नव्या कायद्याने जुना रद्द केला. नव्यात रुग्णाच्या हक्कांवर बरंच चांगलं आहे, उपचारांबाबत आगाऊ सूचना लिहून ठेवता येते, नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. पण तो प्रतिनिधी उपचारांपुरता. ठेव, घर, पेन्शन यांचं काय, यावर कायदा मुका आहे. म्हणून लोकांना उच्च न्यायालयात रिट करावं लागतं, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली. न्यायालय वैद्यकीय अहवाल मागवतं, सगळ्या वारसांची संमती बघतं आणि पालक नेमतं.

उसाचा_फड
आमच्या वकिलांनी वडिलांच्या पत्रात खास ओळ टाकलीय, "माझी मनोवस्था कशीही असली तरी हे पत्र लागू राहील." मग?

ॲड_इंद्रायणी
ती ओळ परदेशातल्या नमुन्यातून उचललेली दिसते. आपल्या कायद्यात तिला आधार नाही. कागद शोभतो छान.

टेम्सकाठ
ताईंच्या भावाच्या सल्ल्याबद्दल. मी गेली बावीस वर्षं इकडे आहे, सासूबाईंचं एलपीए मीच भरलं, तेव्हा जे माहीत आहे ते लिहितो.

लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी ही इंग्लंड आणि वेल्सची गोष्ट आहे, मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ खाली, ऑक्टोबर २००७ पासून. स्कॉटलंडचा कायदाही वेगळा. नावातच सगळं आहे: डोकं चालेनासं झालं तरी टिकणारं. दोन वेगवेगळे फॉर्म. एक पैसा आणि मालमत्तेचा, दुसरा आरोग्य आणि देखभालीचा. पहिला तुमची परवानगी असेल तर तुम्ही ठणठणीत असतानाही वापरता येतो. दुसरा फक्त तुम्हाला ठरवता येईनासं झाल्यावर. मधे एक तिऱ्हाईत लागतो, ज्याने सही करून सांगायचं की या माणसाला कळतंय आणि कोणी दमदाटी केलेली नाही. घरच्या माणसाला ते करता येत नाही. मग कागद बर्मिंगहॅमच्या ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियनकडे नोंदवायचे, प्रत्येकी ९२ पौंड (नोव्हेंबर २०२५ च्या आधी ८२ होते). नोंद झाल्याशिवाय तो कागद म्हणजे रद्दी.

पण दोन गोष्टी भाऊराया विसरतोय. एक, हेही डोकं शाबूत असतानाच करावं लागतं. वेळ गेली की इकडेही कोर्ट ऑफ प्रोटेक्शनची पायरी चढायची, वर दरवर्षी हिशेब द्यायचा. दोन, त्याचं एलपीए त्याच्यासाठी. बाबांच्या भारतातल्या ठेवीला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

सासूबाईंच्या वेळचा तो तिऱ्हाईत म्हणजे त्यांच्या ओळखीची एक इंग्रज म्हातारी. तिने आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि दार लावून वीस मिनिटं चौकशी केली. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "बाई भली आहे, पण जावयावर हिचा विश्वास दिसत नाही."

तिरकस_तात्या
सासूबाईंनी आपलं मत म्हातारीच्या तोंडी घातलं, बाकी काही नाही.

सुनबाई_२
मला एक कळत नाही. एवढा उपद्व्याप कशाला? सगळीकडे नॉमिनी लावून ठेवा, झालं. आमच्या सासऱ्यांनी तेच केलंय. नॉमिनी असला की मृत्युपत्र लागत नाही.

बी_विंग_सचिव
सुनबाई, हे वाक्य मी सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत ऐकतो आणि प्रत्येक वेळी माझा रक्तदाब वाढतो.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो दारावरचा माणूस, पार्सल घेऊन ठेवणारा. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सबाबतही हेच सांगितलं, की नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही. आपल्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यात नॉमिनीला "तात्पुरता सभासद" म्हटलंय. खरे वारस ठरेपर्यंत. आमच्या विंगमध्ये एका काकांनी धाकट्याला नॉमिनी केलं, थोरल्याला वाटलं काकांनी त्याला तोडलं. काका गेल्यावर कळलं की मृत्युपत्रच नाही, म्हणजे दोघांचा सारखाच वाटा. तोवर दोन वर्षं जिन्यात एकमेकांकडे बघत नव्हते. अजूनही बघत नाहीत, पण आता कारण पार्किंग आहे.

सुनबाई_२
पण बँकेत तर आता चार-चार नॉमिनी चालतात म्हणे.

बी_विंग_सचिव
चालतात, १ नोव्हेंबर २०२५ पासून. म्हणजे दारावर चार माणसं. पार्सल कोणाचं, तो प्रश्न जिथल्या तिथे.

पार्ल्याचा_भाचा
+१. बाकी मृत्युपत्र असलं तरी मुंबईत प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, घ्यावंच लागतं, त्यात दीड-दोन वर्षं जातात. आम्ही भोगलंय. वर्तमानपत्रात जाहिरात, वारसांना नोटिसा, त्यात एक चुलत बहीण कॅनडात आणि तिचा पत्ता जुना.

ॲड_इंद्रायणी
"लागतं" नाही, "लागायचं". डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय वारसा कायदा १९२५ मधलं कलम २१३ वगळलं. हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी यांच्यावर मुंबई, कोलकाता, चेन्नईच्या हद्दीत असलेली प्रोबेटची सक्ती गेली. पुण्या-नाशिकच्या मालमत्तेला तिथल्या तिथे केलेल्या मृत्युपत्रासाठी ती सक्ती आधीही नव्हती, तरी लोक उगाच घाबरून असायचे.

सक्ती गेली, प्रोबेट गेलं नाही. हवं तर आजही घेता येतं. आणि भांडण होणार असं दिसत असेल तर मी घ्याच म्हणते. प्रोबेटचा निकाल एकदा लागला की "हे मृत्युपत्र खोटं आहे" म्हणत दहा वर्षांनी कोणी उपटत नाही. महाराष्ट्रात त्याच्या कोर्ट फीला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, मग फ्लॅट एक कोटीचा असो की दहा.

सहनिबंधक_नाना
मी दुय्यम निबंधक कार्यालयात एकतीस वर्षं काढली, तेव्हा थोडं बोलतो.

लोक शंभराचा, पाचशेचा स्टँपपेपर घेऊन यायचे मृत्युपत्रासाठी. अहो, मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहा. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार, हे मात्र हवंच. नोंदणी ऐच्छिक, फी शंभर रुपये. सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते.

एक आजी यायच्या. दर दोन-तीन वर्षांनी नवं मृत्युपत्र. जी सून त्या वर्षी नीट वागली तिला पाटल्या. चौथ्या खेपेला मी विचारलं, आजी, शेवटी कोणाला? म्हणाल्या, "शेवटचं खरं धरतात ना? मग त्यांना शेवटपर्यंत कळायला नको." कायदा त्यांना आमच्यातल्या निम्म्या कारकुनांपेक्षा जास्त कळत होता.

तिरकस_तात्या
ही आजी सुनबाईंच्या सासरची तर नाही?

सुनबाई_२
तात्या!!! (पाटल्या मला मिळाल्या नाहीत, एवढंच सांगते.)

उसाचा_फड
साक्षीदारांवरून आठवलं. आमच्या चुलत्यांनी मृत्युपत्र झकास केलं होतं. सगळं नीट. साक्षीदार म्हणून पारावरचे दोन पत्ते खेळणारे मित्र. दोघंही चुलत्यांपेक्षा वयाने मोठे. चुलते गेले तेव्हा दोन्ही साक्षीदार आधीच वर डाव मांडून बसलेले. तलाठ्याकडे फेरफाराला अर्ज दिला, चुलत बहिणीने हरकत घेतली, नोंद तक्रारीत गेली. मग कोर्टात साक्षीदाराच्या मुलाला बोलवून "हे माझ्या वडिलांचंच अक्षर" असं वदवून घ्यावं लागलं. सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत उसाचे किती हंगाम गेले ते मोजलं नाही.

तेव्हा साक्षीदार तरुण घ्या, एवढंच.

ॲड_इंद्रायणी
शंभर टक्के. निदान एक साक्षीदार तरी जिवंत आणि सापडण्याजोगा हवा. आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. त्यावरून संशयाला जागा होते, उलटतपासणीत पहिला बॉल तिथेच पडतो.

मोगरा_फोंडा
आमच्या गोव्याचं वेगळंच. पोर्तुगीज सिव्हिल कोड १८६७ चं, त्यातला वारशाचा भाग आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आलाय. लग्न होताना वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, अर्धी-अर्धी. बाप मेला तरी आईची अर्धी आईचीच. उरलेल्या अर्ध्यातलाही अर्धा मुलांसाठी राखीव, मुलगी मुलगा समान. म्हणजे बापाला मृत्युपत्राने मनासारखं वाटायला उरतो चौथा हिस्सा. तुमच्याकडे सिनेमात बाप ओरडतो ना, "माझ्या इस्टेटीतून तुला बेदखल करतो", तसं आमच्याकडे सहजासहजी जमत नाही. मृत्युपत्रही नोटरीपुढे, म्हणजे स्पेशल नोटरी, तेच सबरजिस्ट्रार. मग इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेच्या यादी-वाटणीची, केस. ती चालते मात्र सावकाश, अगदी सुशेगाद.

पार्ल्याचा_भाचा
मुलींचं काय ते आधीच ठरलेलं. हे आवडलं.

मोगरा_फोंडा
कागदावर. घर विकताना बहिणीची आणि तिच्या नवऱ्याचीही सही लागते, तेव्हा भावांचे चेहरे बघायला या.

रेवा_७४
थोडं वेगळं, पण बायकांसाठी लिहिते. मी विधवा, मूलबाळ नाही, नोकरी करून घर घेतलं. माझा समज होता की माझ्यानंतर ते माझ्या आईला जाईल. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर आधी नवऱ्याचे वारस! म्हणजे ज्या दिराने मला बारा वर्षांत फोन केला नाही, तो आधी, माझी आई नंतर. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हिंदू बायकांना मृत्युपत्र करा असं आवाहन केलं, ते वाचून मी त्याच आठवड्यात केलं. दोन पानं. लिहायला चाळीस मिनिटं लागली, पुढे ढकलायला नऊ वर्षं.

टेम्सकाठ
रेवाताई, छान केलंत. मृत्युपत्रावर विषय आलाच आहे तर परदेशस्थांसाठी एक खड्डा दाखवतो. इकडच्या मालमत्तेचं वेगळं आणि भारतातल्याचं वेगळं अशी दोन मृत्युपत्रं बरेच जण करतात, ते चांगलंच. पण दुसऱ्याच्या पहिल्या ओळीत "याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द" असा छापील मजकूर असतो. झालं, कोथरूडच्या फ्लॅटचं मृत्युपत्र लंडनच्या कागदाने मारलं! "फक्त अमुक देशातील मालमत्तेपुरते" असं दोन्हीकडे लिहा. आणि इंग्लंडमध्ये लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, हेही ध्यानात असू द्या.

तिरकस_तात्या
म्हणजे लग्नाने माणसाची इच्छा संपते हे तिथे कायद्यात लिहिलंय. आपल्याकडे नुसतं समजून घ्यायचं.

डॉ_पारिजात
धागा छान चाललाय पण मधुमालतीताईंचा तिसरा प्रश्न तसाच राहिला. आता मृत्युपत्र होईल का?

निदान झालं म्हणजे त्याच दिवशी सगळी समज गेली, असं नसतं. सुरुवातीच्या टप्प्यात माणूस सकाळी स्वच्छ असतो आणि संध्याकाळी गोंधळतो. मृत्युपत्रासाठी आम्ही बघतो ते असं: आपल्याकडे साधारण काय आहे, आपली माणसं कोण, आणि हा कागद कशाचा, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतंय का. तारीख-वार चुकला तर आभाळ कोसळत नाही. पण ताईंनी बँकेतला जो प्रसंग लिहिलाय त्यावरून तो टप्पा मागे पडलाय असं वाटतं. मी तपासलेलं नाही, म्हणून "वाटतं".

जाता जाता, उपचारांबाबतचं इच्छापत्र, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात, ते वेगळं. २०१८ च्या निकालाने मान्य झालं, जानेवारी २०२३ मध्ये सोपं झालं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. मुंबई महापालिकेने ते जपून ठेवायला अभिरक्षकही नेमलेत. मालमत्तेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

ॲड_इंद्रायणी
डॉक्टरांशी सहमत. वारसा कायदाही (कलम ५९) म्हणतो की एरवी भान नसलेला माणूस भानावर असताना मृत्युपत्र करू शकतो. पण ते भान होतं हे सिद्ध करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. ताई, तुम्ही दोघंच भावंडं ना? बाबांच्या आई हयात नसतील असं धरते, कारण मृताची आई हीसुद्धा पहिल्या वर्गाची वारस असते आणि लोक तिला हमखास विसरतात. मग मृत्युपत्राशिवायही तुम्हाला दोघांना निम्मं-निम्मं मिळेल. तेच हवं असेल तर बाबांना आता सहीला बसवू नका.

सुनबाई_२
मग तोवर बाईचा पगार कुठून द्यायचा? संयुक्त खातं असतं तर?

ॲड_इंद्रायणी
रोजच्या खर्चाला "दोघांपैकी कोणीही" असं संयुक्त खातं खूप उपयोगी पडतं, आईवडील ठीक असतानाच करून घ्या. मुदत ठेव मात्र मुदतीआधी मोडायला बँका दोघांच्याही सह्या मागतात, खातं उघडताना वेगळी सूचना दिली नसेल तर.

बी_विंग_सचिव
आणि हात थरथरतो म्हणून सही जमत नाही, पण डोकं साफ आहे, असं असेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा माणूस. माझ्या सासऱ्यांचं तसं झालं, बँकेने माणूस घरी पाठवला. मधुमालतीताईंची केस तशी नाही हे कळतं.

मधुमालती
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. सगळ्यांचे आभार, इंद्रायणीताईंचे जास्त.

रिट दाखल केलंय. भावाला आधी पटत नव्हतं, टेम्सकाठ यांचा प्रतिसाद त्याला जसाच्या तसा पाठवला, मग गप्प झाला. त्याने संमतीचं प्रतिज्ञापत्र तिकडच्या नोटरीकडे करून, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिकडचा सरकारी शिक्का) लावून पाठवलं. मुदत ठेवीवर सध्या हात नाही, भाऊ दरमहा पैसे पाठवतोय, त्याचा हिशेब मी वहीत लिहितेय कारण वकील म्हणाले न्यायालय विचारेल. मृत्युपत्राचा विषय सोडला.

परवा सरकारी रुग्णालयात बाबांची तपासणी झाली. डॉक्टरांनी कोरा कागद दिला आणि सांगितलं, "आजोबा, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." बाबांनी वर्तुळ काढलं. हाताने, कंपासशिवाय, आणि डॉक्टरांनी नंतर पट्टी लावून बघितली तरी गोलच. एका बाजूने छाया दिली, वर काचेची चमक सोडली. मग आकडे घातले. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात, एकावर एक. काटे काढलेच नाहीत. खाली कोपऱ्यात तारीख आणि "पाहिले" असं लिहिलं, वहीवर लिहायचे तसं.

तो कागद अहवालाला जोडलाय.

सहनिबंधक_नाना
पोरी, न्यायालयाचा हुकूम मिळाला की प्रमाणित प्रती एकदमच काढून घे. बँक एक, पेन्शन एक, सोसायटी एक, प्रत्येक जण मूळ मागतो. निदान पाच काढ.

मधुमालती
नाना, सातांचा अर्ज तयार ठेवलाय.

तिरकस_तात्या
आणि तो पोपट?

मधुमालती
बँकेच्या फाइलमध्ये आहे, तात्या. अधिकाऱ्याने अर्जावर "रद्द" म्हणून तिरकी रेघ मारली, ती पोपटाला वळसा घालून.